लाखांचं ऑटोमेशन आणि वगळलेला चार हजारांचा डबा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या उद्योगाच्या पानावर हल्ली स्मार्ट फॅक्टरी, एआय, इंडस्ट्री फोर पॉइंट झिरो असलं काही ना काही असतंच, आणि सोबतचा फोटोही ठरलेला, कंट्रोल रूममधला भलामोठा स्क्रीन, त्यावर रंगीत टाक्या, हिरव्या-लाल पाइपलाइनी आणि समोर एसीत बसूनही हेल्मेट घातलेला साहेब. वाचायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मी कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव पट्ट्यात आणि आसपासच्या साखर कारखान्यांत, डेअऱ्यांत इन्स्ट्रुमेंटेशनच्या (मोजमापाच्या उपकरणांच्या) मेंटेनन्सची कामं घेतो, आणि त्या स्क्रीनवरचा आकडा येतो कुठून, वाटेत त्याचं काय काय होतं, हे कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र.

सेन्सर आणि पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक काँप्युटर) यांच्या मधे पॅनेलमध्ये डीन रेलवर, म्हणजे उपकरणं अडकवायच्या पट्टीवर, एक बोटभर रुंदीचा डबा बसतो, त्याला सिग्नल कंडिशनर म्हणतात, आमच्याकडं बोलताना सगळेच त्याला सरसकट आयसोलेटर म्हणतात. सेन्सरकडून आलेला कच्चा सिग्नल घ्यायचा, वाढवायचा, त्यातली घाण गाळायची, सरळ रेषेत आणायचा, इकडची अर्थिंग तिकडं मिसळू द्यायची नाही आणि पुढं पीएलसीला समजेल असा ४ ते २० मिलिअँपिअर किंवा ० ते १० व्होल्ट करून द्यायचा, एवढं त्याचं काम. किंमत साधारण चार-पाच हजार रुपये. आणि कोटेशनमध्ये रक्कम कमी करा म्हटलं की सगळ्यात आधी कात्री लागते ती याच ओळीला, कारण स्क्रीन दिसतो, पीएलसीचं नाव सांगता येतं, हा डबा कुणाला दाखवणार?

आता फाउंड्रीतलं उदाहरण सांगतो. के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमानाचा सेन्सर, एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं, म्हणजे भट्टी ९०० अंशावर असली तरी हातात येतात सदतीसेक मिलिव्होल्ट. एवढासा सिग्नल, आणि शेजारी काय चालू असतं तर शेकडो किलोवॅटची इंडक्शन फर्नेस, क्रेन, ड्राइव्हवर चालणारे ब्लोअर. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कुणाची तरी कुजबुज ऐकण्यातला प्रकार आहे हा. त्यात फक्त एक मिलिव्होल्टची भेसळ झाली तरी रीडिंग चोवीस-पंचवीस अंशांनी हलतं.

एका ठिकाणी हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचं असंच झालेलं. रात्रपाळीला तापमान नाचायचं, दिवसा कमी. थर्मोकपल बदललं, केबल बदलली, पीएलसीचं सिग्नल घेणारं अॅनालॉग कार्ड बदललं, मग ऑपरेटरवर खापर फुटलं की हा सेटिंगला हात लावतो म्हणून. खरं कारण असं की तिथल्या थर्मोकपलची टोकं आतून शीथला (बाहेरच्या धातूच्या नळीला) जोडलेली, ज्याला ग्राउंडेड जंक्शन म्हणतात, आणि पीएलसीचं कार्ड स्वस्तातलं, त्याचे आठही चॅनल आतून एकमेकांना जोडलेले, म्हणजे भट्टीच्या बॉडीची अर्थिंग एका बाजूला, पॅनेलची दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींच्या मधला जो काही व्होल्टेजचा फरक असेल तो थेट सिग्नलच्या तारेतून वाट काढत जाणार. रात्री इंडक्शन फर्नेस जोरात चालायची कारण तेव्हा वीज रात्री स्वस्त पडायची, म्हणून नाच रात्री जास्त. प्रत्येक थर्मोकपलला वेगळा आयसोलेटेड टेंपरेचर ट्रान्समीटर (सेन्सरचा सिग्नल ४ ते २० करून देणारा तसलाच डबा) लावला, केबलवरची धातूची जाळी म्हणजे शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली होती ती एका टोकाला सोडवली, आणि स्क्रीनवरच्या आलेखाची म्हणजे ट्रेंडची रेघ सरळ झाली. त्या ऑपरेटरची कुणी माफी मागितल्याचं ऐकलं नाही.

याच भट्ट्यांवर दिसणारा अजून एक प्रकार म्हणजे थर्मोकपलची कॉम्पेन्सेटिंग केबल (त्याच्याशी जुळणाऱ्या धातूंची) कमी पडली की इलेक्ट्रिशियन मधे साधी तांब्याची वायर जोडतो. भट्टीजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये ७० अंश आणि पॅनेलमध्ये ४० अंश असेल तर रीडिंग साधारण तीस अंश कमी दाखवणार, कारण थर्मोकपल दोन टोकांतला फरकच सांगतं आणि कंडिशनर आपल्या टर्मिनलपाशी किती गरम आहे तेवढंच मोजून भरपाई करतो, जोड कुठं मारलाय ते त्याला कसं कळणार. मग कंट्रोलर बिचारा भट्टी तीस अंश जादा तापवतो आणि माल रिजेक्ट झाला की मटेरियलवाल्याला फोन जातो. आणि रंगांचा घोळ वेगळाच, अमेरिकन कोडात थर्मोकपलची लाल तार मायनस असते, आपल्याकडं लाल म्हटलं की हात आपोआप प्लसकडं जातो.

नाचणाऱ्या रीडिंगवर एक फुकटचा उपायही सगळीकडं चालतो, तो म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर वाढवायचा, म्हणजे जास्त वेळाची सरासरी दाखवायची. दोन सेकंदाचा होता तो तीस सेकंदाचा केला की ट्रेंड कसा लोण्यासारखा होतो, मॅनेजर खूश, ऑडिटर खूश. घाण मात्र आहे तिथंच आहे, आणि उद्या खरोखर तापमान किंवा प्रेशर झपकन वर गेलं तर स्क्रीनला ते उशिरा कळणार. माझा फिल्टरला विरोध नाही, पण आधी घाण कुठून येते ते शोधा आणि मग फिल्टर लावा, आपल्याकडं बरोबर उलटं चालतं.

डेअरीचं तर याहून गंभीर आहे. दूध पाश्चराइज करताना ७२ अंशाला १५ सेकंद धरायचं हे सगळ्यांना माहीत आहे, त्याखाली गेलं की डायव्हर्जन व्हॉल्व्हनं दूध मागं फिरवायचं. तापमान मोजायला असतो पीटी-१००, तापमानाबरोबर ज्याचा रेझिस्टन्स वाढतो असा सेन्सर, शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५ ओहम, म्हणजे एका अंशाला जेमतेम ०.३८५ ओहम. आता हा दोन तारांवर जोडला आणि पॅनेल शंभर मीटर लांब असलं तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स होतो अडीच ओहमच्या जवळपास. म्हणजे सहा अंश! आणि चूक कुठल्या दिशेला, तर वरच्या. स्क्रीनवर ७२ दिसतंय आणि दूध प्रत्यक्षात ६६ ला आहे, डायव्हर्जन व्हॉल्व्ह आपला शांत, कारण त्याच्या लेखी सगळं व्यवस्थित आहे. तीन तारांची जोडणी केली आणि त्या पद्धतीचा कंडिशनर घेतला तर ही चूक वजा होते, किंवा सेन्सरच्या डोक्यातच छोटा ट्रान्समीटर बसवला तर लांबीचा प्रश्नच मिटतो. पण काही ठिकाणी काय केलेलं असतं, पीएलसीत मायनस सहाचा ऑफसेट टाकून ठेवलेला. बरं, टाकला तर टाकला, पण एखादं टर्मिनल सैल झालं, कुणी केबलचा मार्ग बदलला, तिथं सहाचे आठ झाले तर? ऑफसेट तसाच राहतो आणि टाकणारा नोकरी सोडून गेलेला असतो.

सगळ्यात जास्त भीती मला ज्याची वाटते ते आता सांगतो. ४ ते २० मिलिअँपिअरचा लूप (सप्लाय, ट्रान्समीटर आणि रीडिंग घेणारी उपकरणं एकाच तारेच्या फेऱ्यात) ही फार हुशारीची गोष्ट आहे, आधीच्या काळात हवेच्या दाबावर ३ ते १५ पीएसआयचे सिग्नल चालायचे त्याच धर्तीवर, तळाला शून्य ठेवलंच नाही, म्हणजे तार तुटली तर करंट शून्य होतो आणि ते खरं शून्य रीडिंग नाही हे लगेच कळतं. पण लूपला व्होल्टेज पुरावं लागतं. एका कारखान्यात बॉयलरच्या ड्रम लेव्हलच्या ट्रान्समीटरचा सिग्नल आधी पॅनेलवरच्या इंडिकेटरला, तिथून पीएलसीला, असा एकाच लूपमध्ये नेलेला, प्रत्येकी २५० ओहम. मग कुणीतरी म्हणालं रेकॉर्डर पण पाहिजे, तोही त्याच लूपमध्ये घातला, अजून २५०. आता हिशेब करा. सप्लाय २४ व्होल्ट, त्यातले बारा ट्रान्समीटरला स्वतःला लागतात, उरले बारा. बारा व्होल्टमध्ये ७५० ओहमातून जास्तीत जास्त १६ मिलिअँपिअर जातील. ४ म्हणजे शून्य टक्के आणि २० म्हणजे शंभर, मग १६ म्हणजे किती, तर ७५ टक्के. म्हणजे ड्रममधलं पाणी पन्नास टक्क्यांवर आहे तोवर सगळं झकास, इंडिकेटर, पीएलसी, रेकॉर्डर तिघंही एकमेकांशी जुळतात, आणि पाणी वाढायला लागलं की आकडा ७५ च्या आसपास येऊन चिकटतो. पाणी ऐंशीवर गेलं, नव्वदवर गेलं तरी तिथंच. ८५ ला लावलेला हाय-हाय अलार्म या जन्मात वाजणार नाही, आणि पाणी वाफेबरोबर टर्बाइनकडं गेलं की ब्लेडचं काय होतं ते टर्बाइनवाल्यांना विचारा.

आणि यातली गंमत म्हणा नाहीतर थट्टा म्हणा, तो ट्रान्समीटर दरवर्षी काढून कॅलिब्रेशनला जात होता. लॅबमध्ये टेबलावर त्याला ना तीन रिसीव्हर, ना लांब केबल, तिथं तो ४ पासून २० पर्यंत कसा सुतासारखा चालतो, सर्टिफिकेट येतं, हिरवा स्टिकर लागतो, फाइलला लागतं. लॅबची चूक नाही, लॅबला जे दिलं ते लॅबनं तपासलं. पण लूप कुणी तपासला? जागेवर ट्रान्समीटरच्या ठिकाणी लूप कॅलिब्रेटर लावून ४, ८, १२, १६, २० असे पाच पॉइंट खेळवून स्क्रीनवर काय येतं ते बघायला एका लूपला अर्धा तास लागतो, तेवढं केलं असतं तर २० ला आकडा पोचत नाही हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. तिथं शेवटी स्वतःचा वेगळा सप्लाय असलेला सिग्नल स्प्लिटर लावला, एक इनपुट, एकमेकांपासून सुटे दोन आउटपुट, आणि इंडिकेटर-रेकॉर्डर एका बाजूला, पीएलसी दुसऱ्या बाजूला. त्याचा दुसरा फायदा असा की आता रेकॉर्डर दुरुस्तीला काढला तरी बॉयलर ट्रिप होत नाही. आधी तेही व्हायचं, रेकॉर्डरची तार सोडवली की अख्खा लूप तुटायचा, आणि चालू सीझनमध्ये बॉयलर बंद पडला की गव्हाणीपासून पॅनपर्यंत सगळ्यांचे फोन एकाच माणसाला.

हे फक्त आपल्याकडच्या जुगाडातच होतं असं नाही बरं का. अमेरिकेत पेनसिल्व्हानियात थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ ला जो अपघात झाला, त्यात अणुभट्टीच्या गाभ्याच्या वर थर्मोकपल बसवलेले होते आणि ते चालू होते. पण काँप्युटर ७०० अंश फॅरनहाइटच्या वरचं काही छापतच नव्हता, त्याच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. शेवटी तंत्रज्ञांनी केबलच्या टोकाला सरळ व्होल्टमीटर लावून मिलिव्होल्ट मोजले तर काही ठिकाणी दोन हजार अंश फॅरनहाइटच्या पुढचे आकडे निघाले, काही ठिकाणी मात्र अगदीच कमी, आणि आकडे असे विसंगत म्हणून वरिष्ठांनी ते धरलेच नाहीत. गाभा वितळत होता त्या वेळी. सेन्सर खरं बोलत होता, मधल्या साखळीत त्याचं बोलणं कापलं गेलं, आणि ज्यांनी हातानं मोजलं त्यांच्यावर विश्वास बसला नाही. आमच्या कामात मल्टिमीटर घेऊन उभा असलेला टेक्निशियन एक आकडा सांगतो आणि साहेब स्क्रीनकडं बोट दाखवतात तेव्हा मला हमखास हे आठवतं.

काटामारीवर तुमच्याकडं दर सीझनला पत्रं येतात म्हणून ऊस वजनकाट्याचंही थोडक्यात. लोडसेल (काट्याखालचा वजनाचा सेन्सर) त्याला दिलेल्या एका व्होल्टला साधारण दोन मिलिव्होल्ट देतो, १० व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला २० मिलिव्होल्ट. काट्याखाली तीस टनांचे सहा लोडसेल असतील तर दहा किलोच्या फरकाला सिग्नल हलतो जेमतेम एक मायक्रोव्होल्ट. म्हणून पावसाचं पाणी शिरलेला जंक्शन बॉक्स किंवा खराब झालेली केबल सुद्धा वजन इकडंतिकडं करू शकते. सगळे काटे शुद्ध असतात असं मी म्हणत नाही, शेतकऱ्याचा संशय उगाच नसतो. पण भरारी पथक आलं की इंडिकेटरचं सील बघून आणि प्रमाणित वजनं ठेवून जातं, तेव्हा जंक्शन बॉक्स पण उघडून बघा एवढा आग्रह शेतकरी संघटनांनी धरायला हरकत नाही.

साखर कारखान्यांना आता डिस्टिलरी आणि इथेनॉल जोडलं गेलंय, तिथं हा विषय थेट जिवावरचा होतो. इथेनॉल आपल्या हवेतल्या नेहमीच्या तापमानालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतो, त्यामुळं त्या भागात जाणाऱ्या प्रत्येक तारेत ठिणगी पडण्याइतकी ऊर्जा जाऊच नये म्हणून मधे बॅरिअर लागतो. स्वस्तातला झेनर बॅरिअर वाईट नाही, पण त्याचं सगळं संरक्षण अर्थिंगवर उभं असतं, बॅरिअरपासून मुख्य अर्थिंगपर्यंत वेगळी जोडणी हवी आणि तिचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आत हवा. आपल्याकडं ती जोडणी सैल झाली, गंजली तरी तपासायचं कुणाच्या लक्षात राहात नाही, मग कागदावरचा बॅरिअर खरा बॅरिअर राहात नाही. आयसोलेटिंग बॅरिअर महाग पडतो पण तो त्या अर्थिंगवर अवलंबून नसतो. डिस्टिलरीत तरी तोच घ्या, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगतो, ऐकतात निम्मे.

आता कुणी म्हणेल हा डबे विकायला निघालाय. मी माल विकत नाही, कामाची मजुरी घेतो, आणि डबा सगळीकडं लागतो असंही नाही. चांगल्या अॅनालॉग कार्डात प्रत्येक चॅनल आतूनच सुटा असतो, तिथं पुन्हा आयसोलेटर लावणं म्हणजे पैसे वाया आणि बिघडायला एक वस्तू जास्त. काही आयसोलेटर हार्टचा (त्याच तारांवरून जाणारा डिजिटल) सिग्नल पलीकडं जाऊ देत नाहीत, मग हँडहेल्ड लावून ट्रान्समीटरशी बोलता येत नाही आणि लोक ट्रान्समीटरलाच शिव्या घालतात. कधी ट्रान्समीटर पण २४ व्होल्ट देतोय आणि इनपुट पण देतंय, दोघं एकमेकांच्या उरावर. हे सगळं डेटाशीट वाचून ठरवायचं असतं, आणि ड्राइव्हच्या पॉवर केबलला चिकटवून सिग्नल केबल एकाच ट्रेमधून ओढली असेल तर कितीही भारी कंडिशनर लावा, निम्मा त्रास तसाच राहणार.

माझं म्हणणं परचेस आणि टेंडर लिहिणाऱ्यांपाशी आहे. बीओक्यूमध्ये (टेंडरमधल्या मालाच्या यादीत) पीएलसी, स्काडा (म्हणजे तो स्क्रीन), ट्रान्समीटर यांच्या ओळी सविस्तर असतात आणि मधलं सगळं एका शब्दात, ॲक्सेसरीज. त्या एका शब्दात ठेकेदार काय घालेल ते त्याचं त्यालाच माहीत, सगळ्यात कमी दर भरणाऱ्यानं तो रेट कुठून काढलाय हे न सांगताही कळतं. प्रत्येक लूपला लोडचा हिशेब (वर ७५० ओहमचा केला तसा) मागा, कुठले सिग्नल आयसोलेटेड आहेत त्याची यादी मागा, तार तुटली तर रीडिंग वर जाणार का खाली हे लेखी घ्या (भट्टीचं वर गेलं पाहिजे, म्हणजे कंट्रोलर हीटिंग बंद करेल, खाली गेलं तर तो पेटवतच सुटेल), आणि बिल काढायच्या आधी फील्डपासून स्क्रीनपर्यंत पाच पॉइंटचा लूप चेक आपल्या माणसासमोर करून घ्या. सेफ्टी ऑडिटला येणाऱ्यांनीही कॅलिब्रेशनच्या स्टिकरवर न थांबता दोन-चार महत्त्वाचे लूप निवडून हेच करायला लावावं. आयटीआयच्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेडची पोरं येतात आमच्याकडं, हुशार असतात, हाताला वळण लागलेलं असतं, पण बऱ्याच जणांनी ग्राउंड लूप (त्या भट्टीवर दोन अर्थिंगमुळं झाला तो प्रकार) प्रत्यक्ष कधी बघितलेला नसतो, तो एका दुपारी वर्कशॉपमध्ये मुद्दाम तयार करून दाखवता येतो, खर्च काहीच नाही.

साखर कारखान्यांचं मेंटेनन्स सध्या चालू आहे, बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायला अजून अवकाश आहे. निदान ड्रम लेव्हल, स्टीम प्रेशर आणि फर्नेस ड्राफ्ट (भट्टीतला हवेचा ओढा) या तीन लूपचं तरी ४ ते २० पर्यंत तपासून घ्या आणि सगळ्यात आधी २० बघा, कारण १२ वर तर सगळेच पास होतात.

कळावे,
आपला एक वाचक,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर